कर्नलसाहेबांचा अबोला

माझे वडील वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कर्नल झाले. कुणी नेमणूक केली नाही, स्वतःच झाले. लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी मांडलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर.

अंतराळात व्यापार करायचा एक खेळ आहे. एका बंदरावर माल स्वस्तात उचलायचा, दूरच्या बंदरावर चढ्या भावाने विकायचा, वाटेत चाचे आडवे आले तर पळायचं नाहीतर लढायचं. ठिकठिकाणची माणसं एकाच वेळी तो खेळत असतात आणि हेडफोन लावून एकमेकांशी बोलत असतात. मी बरीच वर्षं खेळते. चाळिशीला टेकलेली बाई दिवसभर परळच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका निस्तरते आणि संध्याकाळी जहाज घेऊन अंतराळात धान्य विकते, हे ऐकून लोक हसतात. हसू देत. त्यातले निम्मे संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांवर ओरडत बसतात, त्यापेक्षा हे बरं.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात दादरच्या एका साड्यांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून काढली. तरुणपणी त्यांना लष्करात जायचं होतं. गावाकडून भरतीला गेलेही होते. पण छाती फुगवून फुगवून मोजली तरी भरेना, तेव्हा मुंबईला येऊन साड्यांच्या घड्या घालायला लागले. सव्वीस जानेवारीचं संचलन मात्र ते आजही टीव्हीसमोर उभं राहून बघतात. आम्ही पोहे खात असतो, ते उभे असतात.

निवृत्त झाल्यावर ते घरात मावेनात. आईच्या डब्यांच्या जागा बदलायला लागले. ती आमटीत मीठ घालायला गेली की मागे येऊन उभे राहायला लागले. शेवटी आई मला म्हणाली, "ह्येंका खंयतरी गुंतव गो, नायतर मीच जातंय काशीक." म्हणून मी त्यांना खेळात बसवलं. सुरुवातीलाच पडद्यावर विचारतात, तुम्ही कोण होणार? व्यापारी, खाणवाला, चाचा की सैनिक? अप्पांनी चष्मा पुसला, चारही शब्द नीट वाचले आणि शेवटच्यावर बोट ठेवलं. पुढे नाव विचारलं तिथे नाव न घालता त्यांनी नुसतं 'कर्नल' लिहिलं.

आमचा व्यापाऱ्यांचा एक ताफा आहे. बहुतेक सगळे मराठी, कुणी नाशिकचा, कुणी कल्याणचा, एक साताऱ्याच्या दंतवैद्य बाई. माईकवर आमची भाषा कशी असते ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या गोंगाटात एका संध्याकाळी एक गंभीर आवाज आला, "नमस्कार. मी कर्नल. आजपासून आपल्या संरक्षणाची जबाबदारी माझी." मग कल्याणच्याने भीत भीत विचारलं, "काका, कुठून बोलताय?"

"ते सांगता येणार नाही," कर्नल म्हणाले.

"लालबागसून!" मागून आई ओरडली.

घरात अप्पा मालवणी बोलतात, रागावले की अस्सल मालवणी. पण कर्नल झाले की एकदम छापील मराठी सुरू. 'आपण', 'प्रयोजन', 'कळवण्यात येतं'. रविवारच्या मोठ्या मोहिमेला ते इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, पट्टा लावून. खाली घरातला लेंगाच, पण त्यावर पट्टा. तुम्हाला कोणी बघत नाही, असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "माझां माका दिसता ना."

त्यांचे नियम त्यांनीच केले होते. आधी गोळी झाडायची नाही. तीनदा इशारा द्यायचा. शरण आलेल्याला सोडायचं. नवख्यांना फुकट सोबत करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या हातात आहे त्याचाच शब्द द्यायचा. "मी तुमच्या जहाजापुढे उभा राहीन, हा शब्द देतो," असं ते नव्या मुलांना सांगायचे. "माल पोहोचेल असा शब्द देत नाही. ते माझ्या हातात नाही." एका चाच्याला त्यांनी तीनदा इशारा देऊन, घेरून, शरण आणून, पुन्हा लुटणार नाही असं वदवून घेऊन सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात त्याने आमचं धान्य नेलं. मी इतकी भडकले की हेडफोन गादीवर आपटला. कर्नल शांतपणे म्हणाले, "शब्द त्याने मोडला. मी कशाला मोडू?" त्या मेल्याने त्यानंतरही आम्हाला दोनदा लुटलं.

मला आधी वाटायचं हे सगळं त्यांनी लष्करावरच्या सिनेमांतून उचललंय. पण नाही. मी लहानपणी सुट्टीत दुकानात जाऊन बसायचे, तिथे हे सगळं बघितलेलं होतं. गिऱ्हाईक शंभर साड्या उलगडायला लावून उठून गेलं तरी हसून घड्या घालायच्या. रंग जाणार असेल तर 'ताई, ह्याचा रंग जाईल' असं मालकादेखत सांगायचं. कर्नल गादीवरच घडला होता, फक्त त्याला हुद्दा मिळायला वेळ लागला.

आमच्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत हॉस्पिटलसमोर आलं की ढोल थांबवतात. अप्पा कित्येक वर्षं मंडळाची दोरी धरून चालायचे, आणि ढोलवाल्यांना हात वर करून थांबवायचं काम त्यांचं. खेळात एका बंदराजवळ एक वैद्यकीय जहाज उभं असतं. त्याच्याजवळून जाताना एकदा कर्नलांनी ताफ्याला हुकूम केला, गाणी बंद. साताऱ्याच्या बाई म्हणाल्या, "काका, त्या जहाजात कोणी नाहीये हो, ते नुसतं चित्र आहे." "चित्र असलं म्हणून काय झालं?" कर्नल म्हणाले. मुलं हसली, पण गाणी बंद झाली. हल्ली अप्पा नसले तरी तिथे आल्यावर कोणीतरी 'ए, गाणी' म्हणतं आणि सगळे गप्प होतात. मला त्या क्षणी माझ्या बापाचा फार अभिमान वाटतो.

आणि मग अप्पांना जिना चढेना.

दुसऱ्या मजल्यावरच्या वळणाला ते थांबायला लागले. कोणी जाताना दिसलं की कठड्यावरून खाली बघत, जणू काही पडलंय आणि ते शोधतायत, असं उभे राहायचे. रोज काय पडत होतं देव जाणे. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि सांगितलं की छाती उघडावी लागेल, आणि फार लांबवू नका. मध्ये काही वेळ हृदय बंद ठेवतात, तेवढा वेळ यंत्र त्याचं काम करतं, असंही त्यांनी नीट समजावलं. अप्पा त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

अप्पांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, खूप वर्षांपूर्वी ह्याच ऑपरेशनसाठी आत गेले होते. ते परत आले नाहीत. अप्पा तेव्हा बाहेर बाकावर बसलेले होते. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीही कधी बोलत नाही. डॉक्टरांकडून येताना टॅक्सीतही कोणी बोललं नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "मग काय ठरवायचं?" अप्पा म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. गावी घराचं छप्पर शाकारायचं होतं तेव्हा 'बघू' झालं, ते छप्पर पडलं. मी महिनाभर बघितलं. रोज संध्याकाळी विचारायचे, रोज 'बघू'. अप्पांना 'हो' म्हणता येत नव्हतं हे मला कळत होतं. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर तो शब्द झाला असता, आणि मग त्यांना जावंच लागलं असतं. पण तिकडे जिन्यावरचं थांबणं दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आलं. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, खरंच आहे ते. एका दुपारी ऑफिसातून उठले, हॉस्पिटलात गेले आणि ऑपरेशनची तारीख ठरवून आले. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

अप्पांनी ऐकून घेतलं. ताट बाजूला सारलं. "माझ्या छातीची तारीख, आणि माका इचारूक नको?" एवढंच म्हणाले. आणि त्यांनी अबोला धरला.

अबोला आमच्याकडे पिढीजात आहे. माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ एकाच मजल्यावर राहून कित्येक वर्षं बोलत नव्हते, पण एकमेकांकडे सणाचं ताट मात्र जात होतं. अबोल्याचे नियम कडक असतात. समोर असलेल्या माणसाशी तिसऱ्यामार्फत बोलायचं. आवाज चढवायचा नाही, कारण आवाज चढवला तर ते बोलणं होतं. जेवण टाळायचं नाही. आणि जो आधी बोलेल तो हरला. मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, ठीक आहे, मीसुद्धा बोलणार नाही.

बिचाऱ्या आईचा पार टपालवाला झाला. "तिका सांग, माझो टॉवेल खंय आसा." "त्यांना सांग, दोरीवर आहे." आम्ही दोघं हाताच्या अंतरावर बसलेले. चौथ्या की पाचव्या दिवशी आईने पोळपाटावर लाटणं आपटलं. "मी मेलंय तर तुम्ही दोघां उपाशी मराल!" तरी कोणी बोललं नाही.

अडचण आली ती रविवारी. मोठी मोहीम होती. ताफ्यात काही नवीन व्यापारी आले होते, दूरच्या बंदरापर्यंत त्यांच्या पुढे राहीन असा शब्द कर्नलांनी आधीच दिला होता. मोहिमेत माझं जहाज होतंच. आता माईकवर बोललं तर ते बोलणं धरायचं का? मी लॅपटॉप उघडून बसले, अप्पा पट्टा लावून बसले, आणि दोघंही आईकडे बघायला लागलो. आई वाटाणे सोलत होती. तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. म्हणाली, "खेळातलां बोलणां धरूचां नाय." निकाल लागला.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. अप्पा खिडकीशी, मी पलंगावर, मध्ये दोन पावलांचं अंतर. आणि आम्ही कानाला हेडफोन लावून अंतराळातून एकमेकांशी बोलत होतो. आधी फक्त मोहिमेपुरतं. मग हळूहळू त्यात संसार घुसला. "दुसऱ्या क्रमांकाच्या जहाजाला कळवण्यात येतं, गॅसवर दूध आहे." ताफ्यातली नवी मुलं गोंधळून विचारायची, दूध कुठल्या बंदरावर मिळतं? मी उठून गॅस बंद करून यायचे आणि "संदेश पोहोचला" म्हणायचे. साताऱ्याच्या बाईंना बहुतेक सगळं कळलं होतं. त्या मध्येच खुसखुसायच्या.

मीही संधी सोडत नव्हते. "कर्नलसाहेब, सकाळची गोळी घेतली का?" असं मी भर ताफ्यात विचारायचे.

"घेतली."

"आणि त्या तारखेचं काय ठरलं?"

"हा विषय या मोहिमेच्या कक्षेत येत नाही," कर्नल म्हणायचे, आणि जहाज पुढे काढायचे.

असे दिवस जात होते. तारीख जवळ येत होती, डॉक्टरांकडून विचारणा होत होती, आणि मी आतून घाबरून गेले होते. राग सगळ्यांना दिसतो, भीती दिसत नाही, म्हणून मी आणखी रागवायचे. ऑफिसात एकाला विनाकारण झाडलं. आईला म्हटलं, झोपेत उचलून नेऊ का? आई म्हणाली, "वजन बघलंस काय त्यांचां?" आणि मग पदर डोळ्यांना लावला. रागाने कोणाला हॉस्पिटलात नेता येत नाही, हे मला कळत होतं. दुसरं काही मात्र सुचत नव्हतं.

तारखेच्या आधीचा रविवार. दुपारची वेळ, आई बाजारात मासे आणायला गेलेली. घरात आम्ही दोघंच, म्हणजे टपालवालासुद्धा नाही. मोहीम चालू होती. चाचे आले, आणि माझं डोकं फिरलेलंच होतं, मी ताफा सोडून एकटीच त्यांच्या मागे लागले. व्हायचं तेच झालं. माझ्या जहाजाची चाळण झाली. कर्नल आले, त्यांनी मधे जहाज घातलं, नेहमीप्रमाणे तीनदा इशारा दिला, मार खाल्ला, आणि कसंबसं मला दुरुस्तीच्या बंदरात आणून सोडलं. बाकीच्यांना त्यांनी सांगितलं, तुम्ही पुढे व्हा, माल विका. सगळे गेले. माईकवर आम्ही दोघंच उरलो.

पडद्यावर सूचना आली, सर्व यंत्रणा बंद करा. मी बंद केल्या. जहाज काळं झालं.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?" कर्नलांनी विचारलं.

"लागेल थोडा. तोवर इंजिन पूर्ण बंद."

"पूर्ण बंद?"

"हो, कर्नलसाहेब. चालू इंजिनावर काम करता येत नाही." मी अजून चाच्यांवरच चिडलेली होते, काय बोलतेय त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं.

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं माईक गेला. मग कर्नलांचा आवाज आला, अगदी सावकाश. "समजा, दुरुस्ती उत्तम झाली. कारागीर अनुभवी आहे. सगळं नियमाप्रमाणे झालं." परत थांबले. "आणि तां परत चालूच झालां नाय तर?"

मी मान वळवून बघितलं. अप्पा पडद्याकडेच बघत होते. इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, आणि मानेवर नुकतेच कापलेले पांढरे केस. हात मात्र कळफलकावर नव्हता, मांडीवर होता, आणि मुठीत लेंगा चुरगळून धरला होता. मला एकदम मोठे काका आठवले, तो बाहेरचा बाक आठवला. माझ्या बापाला इतकी भीती वाटत होती आणि ती सांगायला त्याला अंतराळात जावं लागलं होतं.

माझ्याकडे डॉक्टरांनी सांगितलेली सगळी उत्तरं पाठ होती. यंत्रं आता किती चांगली आहेत, किती जण ठणठणीत होतात. महिनाभर ती मी आईकडे, शेजारी, फोनवर घडाघडा म्हणत होते. त्या क्षणी त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना. 'अप्पा' म्हणावंसं वाटत होतं. पण 'अप्पा' म्हटलं असतं तर ते हेडफोन काढून गॅलरीत गेले असते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

"कर्नलसाहेब, इंजिन चालू होईल असा शब्द मी देत नाही. ते माझ्या हातात नाही."

"बरोबर," ते म्हणाले.

"पण जहाज बंद असेपर्यंत शेजारी दुसरं जहाज उभं असेल. ते जागचं हलणार नाही. हा शब्द देते."

"कोणाचं जहाज?"

"माझं."

"कुठवर?"

"चालू होईपर्यंत," मी म्हणाले. माझा आवाज फाटला, पण माईक स्वस्तातला आहे, त्यावर सगळ्यांचेच आवाज फाटतात.

कर्नल म्हणाले, "नोंद घेतली." आणि माझं जहाज दुरुस्त होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने आई बांगडे घेऊन आली. अप्पांनी उठून तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला म्हणाले, "तिका सांग, आज तिखलां कर म्हणान." तिखलं, म्हणजे बांगड्याचं झणझणीत कालवण, आई करते, मी नाही, आणि ते शेजारीच उभ्या असलेल्या आईला मला सांगायला सांगत होते. म्हणजे अबोला चालूच होता.

दोन दिवसांनी संध्याकाळी कर्नलांनी सगळ्या ताफ्याला बोलावून घेतलं. "कळवण्यात येतं की मी वैद्यकीय रजेवर जात आहे. तोपर्यंत नेतृत्व साताऱ्याकडे राहील. नवख्यांना सोबत करावी. शरण आलेल्याला सोडावं." कल्याणच्याने विचारलं, "काका, कधी परत येणार?" कर्नल म्हणाले, "ते माझ्या हातात नाही." मी पलंगावर बसून उशीत तोंड खुपसलं. महिनाभर ज्याच्यासाठी घसा फोडला ते 'हो' मला असं, सगळ्यांबरोबर, ओळीत उभं राहून ऐकायला मिळालं.

ऑपरेशनच्या सकाळी ते हिरव्या झग्यात ट्रॉलीवर झोपायला तयार नव्हते. बसूनच जाईन म्हणाले. वॉर्डबॉयने समजूत घातली तेव्हा आडवे झाले. आईला म्हणाले, "काळजी करू नको." माझ्याशी काहीच बोलले नाहीत. नुसती मान हलवली, बंदर सोडताना कर्नल हलवायचे तशी, जरा खाली. दार बंद झालं.

तिथे एक बाक होता. मी बसले. आईने चहा आणला, मी प्यायले. मामा आला, म्हणाला, चल, खाली जाऊन काहीतरी खा. मी नाही म्हटलं. आत्या आली, तिने देवळात जाऊन येऊ म्हटलं. मी नाही म्हटलं. मावशीला वाटलं मला धक्का बसलाय, तिने आईच्या कानात काहीतरी सांगितलं. शेवटी आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "मुताक तरी जा गो." मी म्हटलं, "शब्द दिलाय." आईने कुणाला, कसला, काही विचारलं नाही. माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरलेली कधीच नव्हते. दार उघडायचं, दुसऱ्याच कोणाचं नाव घ्यायचे, दार बंद व्हायचं. दर वेळी माझा जीव कुठे जायचा ते मला सांगता येणार नाही.

मग डॉक्टर आले. टोपी काढली नव्हती, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "झालं. हृदय छान सुरू झालंय." आई रडायला लागली. मी उठले, आणि आधी बाथरूमला पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घशातली नळी काढली. नर्सबाई म्हणाल्या, एकीनेच या, दोन मिनिटं, आणि पेशंटला जास्त बोलायला लावू नका. आईने मला पुढे ढकललं.

अप्पा पांढरेफटक पडले होते. ओठ सुकलेले, दाढीचे खुंट वाढलेले, अंगावर ठिकठिकाणी वायरी. कर्नल कुठेच नव्हता. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, पण बोलले नाहीत. मला कळेना की बोलवत नाही म्हणून बोलत नाहीत, की अबोला अजून आहेच. आणि मला एकदम त्या सगळ्याचा कंटाळा आला. कसली हार आणि कसली जीत. आजोबांपासून चालत आलेला तो मूर्खपणा माझ्यापाशी संपला तर बरंच, असं वाटलं.

"अप्पा," मी म्हणाले. "घ्या. मी बोलले. मी हरले."

त्यांनी उशीवरच मान हलवली. नाही, अशी. मग बोटाने मला जवळ बोलावलं. मी वाकले. घोगरा, खरवडल्यासारखा आवाज, नीट ऐकूही येत नव्हता.

"तू नाय गो. आधी मीच बोललंय."

"कधी?" मी विचारलं.

त्यांनी दम घेतला. छातीवरचा हात जरासा उचलला आणि परत ठेवला.

"त्या आयतवारी. इंजिनाचां. तां कर्नलान नाय इचारल्यान," अप्पा म्हणाले. "तां मीच इचारलंय."